पोड म्हणजे पाय

प्राणिशास्त्र शिकवायला लागून मला आता तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य ‘पोड म्हणजे पाय’ हेच असणार. दरवर्षी अकरावीचा नवा वर्ग समोर येतो. कुंडल, पलूस, तासगावकडून एसटीनं येऊन सांगलीत विश्रामबागला उतरणारी मुलं. शाळा मराठीतून झालेली, आणि इथं पुस्तक उघडलं की एकदम आर्थ्रोपोडा. काही जण तिथेच पुस्तक मिटतात आणि डॉक्टर व्हायचा विचारही. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरात पोड लिहिते आणि सांगते, घाबरायचं कारण नाही, हा ग्रीक लोकांचा पाय आहे. आर्थ्रो म्हणजे सांधा. सांध्यासांध्याचे पाय, म्हणजे झुरळ. गॅस्ट्रो म्हणजे पोट. पोटालाच पाय, म्हणजे गोगलगाय. सेफॅलो म्हणजे डोकं. डोक्यालाच पाय फुटलेला ऑक्टोपस, आणि त्याच्या नावाच्या शेपटातलं पस म्हणजे पुन्हा तोच पाय. अमिबाला तर पायच नाहीत, लागेल तेव्हा तो अंगातूनच एक बाहेर काढतो, म्हणून ते स्यूडोपोडिया, खोटे पाय. इथं वर्ग हसतो, आणि माझं निम्मं काम होतं.

ही युक्ती माझी नाही. मी साताऱ्याला कॉलेजात शिकत होते तेव्हा आमचे एक सर असं शिकवायचे. मी आटपाडीकडच्या एका वाडीवरून गेलेली, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली, इंग्रजीची धास्ती घेतलेली मुलगी. सरांनी एक मूळ सांगितलं आणि त्या एका मुळावर वीस शब्द उलगडले, तेव्हा मला वाटलं, आपल्याला किल्ली मिळाली. तेव्हापासून माझी ठाम समजूत झाली की शब्द फोडता आला की ती गोष्ट कळलीच. माझ्या स्वभावातला थोडा तोराही त्यातूनच आला असावा. घरात कुणी औषधाचं नाव विचारलं तरी मी आधी ते फोडून दाखवते आणि मग चष्मा शोधते.

आबांच्या पायानं ती समजूत मोडली. तिच्या जागी दुसरं काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लिहून बघते आहे.

आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तरच्या पुढं. नक्की किती ते कुणालाच ठाऊक नाही, त्यांनाही नाही. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली. आता वाडीवर धाकट्या भावाची डाळिंबाची बाग आहे, आणि आबा तिच्यात सकाळ-संध्याकाळ उगाच चकरा मारतात. साखरेचा आजार जुनाच, पण तो त्यांनी कधी मनावर घेतला नाही. दुखत नाही तो आजार कसला, असं त्यांचं म्हणणं. मग दीड-दोन वर्षांमागे त्यांच्या पायांची आग व्हायला लागली.

“पायात जाळ झालाय गं,” ते फोनवर म्हणायचे. “निखाऱ्यावर हुबं केल्यागत वाटतंय.”

भाऊ सांगायचा की आबा ओल्या पोत्यावर पाय ठेवून बसतात, बादलीत पाय बुडवून बसतात, जेवतानाही एक पाय पाण्यात असतो. त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी युरिक ॲसिड वाढलं असेल असं सांगितलं. मी लगेच फोनवर शोधलं आणि त्यातून होणाऱ्या पायाच्या संधिवाताचा शब्द मला सापडला, पोडॅग्रा. पुन्हा माझा पोड! आणि पुढचा ॲग्रा म्हणजे पकड, सापळा. पायाला बसलेला सापळा. मला इतका आनंद झाला की मी तसाच आबांना फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सापळा न्हवं,” ते म्हणाले. “जाळ हाय.”

रक्त तपासलं तर युरिक ॲसिड व्यवस्थित होतं. मग मी त्यांना सांगलीला आणून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या बदलल्या, आग कमी व्हायला एक गोळी वेगळी दिली आणि लघवी तपासायला सांगितली. आबांना हे काही पटलं नाही. दुखतंय कुठं आणि तपासतात काय, असं ते बाहेरच्या बाकावर मोठ्यानं म्हणाले आणि बाकीचे पेशंट हसले. रिपोर्टात लघवीतून प्रथिनं जात असल्याचं आलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं की मूत्रपिंडात गाळणीवर पाय पसरून बसलेल्या पेशी असतात, साखरेनं त्या पेशींचे पाय सुटायला लागलेत. त्यांचं नाव पोडोसाइट. पायवाल्या पेशी. हा शब्द मी वर्गात कधीतरी ओझरता घेतला होता. आता तो आबांच्या पोटातून निघाला, आणि त्यांच्या पायांशी त्याचा संबंध आहे की नाही तेच मला काही क्षण कळेना. नावात पाय आहे, दुखतोय पाय, पण हे पाय ते पाय नव्हेत, आणि बिघाड मात्र दोन्हीकडे त्या एकाच साखरेचा.

परत येताना रिक्षात मी त्यांना म्हणाले, “आबा, आपल्या मूत्रपिंडातसुद्धा पाय असतात, माहितीये का?”

त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. “शिकून शिकून हितवर आलीस व्हय?” म्हणाले.

दोन-तीन महिने असेच गेले. मग एका सकाळी त्यांचा आवाज एकदम मोकळा आला. “जाळ थांबला गं. पाक थांबला. कालच्यापास्नं पायात काय बी न्हाई.”

मला रडूच आलं. मी म्हणाले, “गोळी लागू पडली आबा! मी म्हटलं नव्हतं?”

“गोळीचं काय सांगतीस,” ते म्हणाले. “बिरोबानं ऐकलं.”

तेव्हा कळलं की त्यांनी नवस बोलला होता. हा जाळ थांबू दे, मी घरापासून देवळापर्यंत अनवाणी येतो. वाडीपासून बिरोबाचं देऊळ पायी चार-पाच तासांच्या वाटेवर. आमचं दोघांचं त्यावरून महिनाभर चालू होतं. मी फोन केला की गोळीचं नाव घ्यायची, ते बिरोबाचं. मी म्हणायची, बिरोबाला बोलायचं होतं तर माझी गोळी पोटात जायच्या आधी बोलायचं. ते म्हणायचे, गोळी सुचवली कुणी? भाऊ म्हणायचा, दोघंही बरोबर आहात, आता मला बागेला पाणी सोडू द्या. श्रेय कुणाचं यावर आम्ही इतके मश्गूल होतो की काय झालंय असं कुणी विचारलंच नाही. मी तर विचारायला हवं होतं. बेडकाची नस दाबली की पाय उडतो, तोडली की उडत नाही, हे वाचून वाढलेली बाई मी. आणि तरी पायात काही नाही हे ऐकून मी सांगलीत ओळखीच्या चार घरी पेढे दिले.

गुढीपाडव्याच्या सुमारास आबांनी नवस फेडायचा ठरवला. मी रजा काढून गेले. चालणार आबा, सोबत मी, आणि मागून भाऊ मोटारसायकलवर पाण्याचा कॅन घेऊन. उजाडता निघालो. पहिले दोन तास बरे गेले, मग ऊन चढलं. माझ्या पायात चांगल्या जाड तळाच्या चपला होत्या, तरी डांबराची धग वर येत होती आणि मी रस्त्याच्या कडेची सावली हुडकत चालत होते. आबा मधोमध. ना थांबणं, ना पाय उचलून धरणं. मध्ये एक वाट डांबर सोडून बाभळीच्या रानातून जाते, तिथेही ते तसेच सरळ.

“काय मास्तरीणबाई,” ते मागे वळून म्हणाले, “दमलीस व्हय? चपला घालून?”

मला त्यांचा फार अभिमान वाटला. हे आधी लिहायला हवं, कारण आज तोच सगळ्यात जास्त सलतो. मी भावाला म्हणाले सुद्धा, बघ, मेंढक्याचे पाय आहेत, आपल्याला जमणार नाही.

देवळात भंडारा उधळला. आमच्याकडे नवस फेडून आलेल्याच्या पाया पडतात; त्या दिवशी त्या पायांत देवाचा अंश असतो असं मानतात. एकीनं आबांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, हळद-कुंकू लावलं, आणि मग रांग लागली. भाऊ पडला, भावजय पडली, नात्यातली मोठी-लहान सगळी पडली. मी पडले. आम्ही पाया पडतो ते डोकं पार टेकवून. माझं कपाळ त्यांच्या पायांच्या बोटांवर होतं, भंडाऱ्याचा वास येत होता, आणि आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या वेळी उजव्या पायाच्या तळव्यात करंगळीच्या बुडाशी बाभळीचा काटा होता. माझ्या कपाळापासून दोन बोटांवर. त्या दिवशी तीस-चाळीस माणसांनी ते पाय वरून बघितले, त्यांना हात लावला, खालून कुणीच बघितले नाहीत. खालून बघायची आमच्यात रीतच नाही. तळवा दुसऱ्याकडे करणं म्हणजे लाथ दाखवणं.

मी सांगलीला परतले. चार दिवसांनी भावजयीचा फोन आला, जरा घुश्शात. घरात उंबऱ्यापासून आबांच्या खाटेपर्यंत तांबडे-काळे ठिपके पडतात, रोज पुसायचे आणि रोज पुन्हा. “तुमच्या भावाला सांगा वन्सं, तंबाखू बाहेर थुका म्हणावं.” मी भावाला झापलं. त्यानं शपथा घेतल्या, मी त्या मानल्या नाहीत.

आणखी तीन दिवसांनी पुन्हा तिचाच फोन. “वन्सं, आबांच्या खोलीत उंदीर मेलाय. दोन दिस झालं हुडकतीया, घावंना.”

मी, प्राणिशास्त्रातली पदव्युत्तर, तिला फोनवरून सूचना दिल्या. पोती हलव, पेटी ओढ, कौलांत बघ, उंदीर मरायला अंधारात जातो. तिनं बिचारीनं सगळं केलं. आबा स्वतः काठी घेऊन कोपरे ढोसत तिला मदत करत होते. दुपारी ते दमून झोपले, चादरीतून पाय बाहेर आला, आणि भावजयीनं तो तळवा बघितला. फोन भावानं केला, “आक्का, उंदीर न्हवं. आबांचा पाय हाय.”

त्यांना सांगलीला एका मोठ्या हॉस्पिटलात आणलं. तिथे पायांसाठी वेगळा विभाग होता आणि दारावर पाटी होती, पोडियाट्री. माझ्या डोक्यातली चक्की तेवढ्यातही फिरली, पोड म्हणजे पाय, इयात्रोस म्हणजे वैद्य. मला स्वतःची किळस आली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, आबांच्या नातीच्या वयाची. तिनं त्यांना उंच खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बुटक्या स्टुलावर बसली आणि त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. आबा हादरले. त्यांनी पाय ओढला, तिनं पुन्हा घेतला.

“आवं डाक्टरीण बाय, असं नगा करू. तुमी शिकल्याली मानसं.”

“पाय बघायचा तर धरायला नको का आजोबा?”

शेवटी त्यांनी यातून आपल्यापुरता मार्ग काढला. तिचा हात पायाला लागला की ते म्हणायचे, “सुखी ऱ्हा बाय.” पायाला हात लावला की आशीर्वाद द्यायचा, एवढं त्यांना माहीत. तिनं जखम धुतली, सुखी ऱ्हा. टाच दाबली, सुखी ऱ्हा. ती हसत होती, मीही थोडी हसले. मला वाटलं, इतक्या वेळा कळतंय त्यांना, म्हणजे फार काही नसावं.

मग तिनं एक बारीक, ताठ धागा काढला, पेनासारख्या दांड्याला लावलेला. म्हणाली, “आजोबा, आता डोळे मिटा. मी पायाला हा धागा टेकवीन. टेकला की हां म्हणायचं.”

आबांनी डोळे मिटले. तिनं अंगठ्याला धागा टेकवला, इतका की तो वाकला. आबा गप्प. दुसऱ्या बोटाच्या बुडाशी. गप्प. तळव्याच्या मध्ये, कडेला, टाचेला. मग दुसरा पाय, तसंच सगळं. आबा डोळे गच्च मिटून बसलेले, तोंडावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. मला वाटलं, त्यांना सूचना समजली नाही, आणि हॉस्पिटलात आपलं माणूस अडाणी दिसलं की मला राग येतो.

“आबा, सांगा की!” मी ओरडले.

“काय सांगू?” ते डोळे न उघडता म्हणाले. “तिनं सुरू कुठं केलंय?”

डॉक्टर मुलीनं धागा बाजूला ठेवला. आता तिनं त्यांचा तळवा पूर्ण हातात धरला होता, बोटं उमटतील इतका घट्ट. आशीर्वाद आला नाही.

मला त्यानंतरचं सलग आठवत नाही. तिनं आम्हा तिघांना बसवून सांगितलं, सोप्या मराठीत, एकही शब्द फोडायची गरज पडू न देता. आग होत होती तेव्हा नसा आजारी होत्या, पण जिवंत होत्या. आग थांबली तेव्हा त्या मेल्या. आजार बरा झाला नव्हता, पुढे गेला होता. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत. काट्याभोवतीचं मांस सडलंय, पू हाडापर्यंत गेलाय, बोटं तरी जातील. किती वरपर्यंत जावं लागेल ते उघडल्यावर कळेल.

“म्हंजे,” आबा म्हणाले, “थांबला ते बरं न्हवतं?”

“नाही आजोबा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर मी काही बोलू शकले असते.

ऑपरेशनच्या सकाळी मी बाहेर बसले होते आणि माझ्या डोक्यात नको ते शब्द येत होते. आमच्या प्रयोगशाळेत एका बरणीत कोयनेकडून आणलेला एक प्राणी आहे, गांडुळासारखा दिसणारा, बेडकाचा लांबचा भाऊबंद. त्याच्या गटाचं जुनं नाव अपोडा. मी मुलांना कौतुकानं सांगते, नुसता एक अ लावला की पाय गेले. ती बरणी डोळ्यांपुढून हलेना. त्या आधीच्या डॉक्टरांनी पाय रोज तपासायला सांगितलं होतं की नाही, हे मी तेव्हा आठवत होते, आणि आजही आठवत नाही. कागदावर लिहिलेलं नाही. तोंडी सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही, कारण मी पोडोसाइटचं चित्र बघण्यात गुंगले होते. सांगितलं नसेल तर चूक माझी एकटीची नाही. कधी हे खरं वाटतं, कधी ते. भाऊ म्हणतो चूक कुणाचीच नाही. तो चांगला आहे म्हणून असं म्हणतो.

करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. पाय राहिला.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी आबांनी छताकडे बघत मला विचारलं, “मग बिरोबानं काय केलं गं?”

मी इतकी वर्षं प्रश्नांना उत्तरं देऊन पोट भरलेली बाई. मी म्हणाले, पाय वाचवला की. ते म्हणाले, ते त्या पोरीनं केलं. महिनाभर आम्ही ज्यावरून भांडलो ते श्रेय आता कुणालाच नको होतं.

नंतर त्यांना वाडीवर न पाठवता माझ्याकडे ठेवून घेतलं. एक दिवसाआड ड्रेसिंगला नेत होते, तोवर ठीक होतं. तिथे परकी माणसं पाय धरत आणि आबा डोळे मिटून घेत. जखम भरली, डॉक्टर मुलीनं शेवटचं सांगितलं की आता यांना पायातलं काही कळणार नाही, खडा टोचला, चप्पल चावली, पाणी गरम पडलं, काहीच नाही. जन्मभर रोज कुणीतरी दोन्ही तळवे बघायचे. कुणीतरी म्हणजे मी.

पहिल्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी गॅलरीत त्यांच्या खुर्चीपुढं खाली बसले. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले.

“लेकीनं बापाचा तळवा बघायचा? ऱ्हाऊ दे.”

“आबा, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“आरशात बघतो माझं मी.”

त्यांना आरशात धड दिसत नाही, वाकताही येत नाही. आठ दिवस हेच चाललं. मी समजावलं, विनवलं, त्यांना झोप लागल्यावर चोरून बघितलं. शेवटी एका सकाळी माझा तोल गेला. मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले की मी त्या पायांवर डोकं ठेवलं होतं, काटा खाली होता आणि मी वर डोकं ठेवलं होतं, आता मला खाली बघू द्या. आणि रडायलाच लागले. कुठल्या वयात काय करतोय याचं भान राहिलं नाही.

आबांनी हातांनी गुडघा धरून उजवा पाय उचलला आणि तळवा माझ्याकडे केला. दोन बोटं नसलेला, कडेला लाल शिवण असलेला, भेगांचा पाय. मी घाईनं वरवर नजर फिरवली, तसे ते म्हणाले, “असं न्हाई बघत. आदी टाच. भेग उघडून बघ, आत माती बसती. मग मधला खळगा. मग बोटांची बेचकी, एकेक फाकवून. मेंढराचा खूर असाच बघत्यात. दर आठवड्याला पाक कळप उलटा करून बघायचो आमी. लंगडतंय त्याचं भ्या नसतंय. न लंगडणाऱ्याचं आदी बघायचं.”

मी त्यांनी सांगितलं तसं बघितलं. टाच, भेगा, खळगा, उरलेल्या तीन बोटांची बेचकी. मग डावा पाय. आता हे रोजचं झालंय. कॉलेजला निघायच्या आधी दहा मिनिटं. ते खुर्चीत, मी खाली, पाय माझ्या मांडीवर. बघून झालं की ते विचारतात, “काय हाय?” आणि मी म्हणते, “काही नाही आबा.”

परवाही मी तसंच म्हणाले. पण त्यांनी पाय मागे घेतला नाही. मी तो धरलाय की सोडलाय हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“न्हाई म्हंजे खरंच न्हाई,” त्यांनी विचारलं, “का तुला कळंना?”

त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. मी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि टाचेपासून परत बघायला सुरुवात केली.